नारिंगी जोडीची चिठ्ठी

बालुन हातात घेतला की मामा तो आधी कानाशी नेऊन हलवायचे. आत काही खुळखुळलं की तो काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवायचे. "अक्का, हा बोलतोय. गप बसणारा द्या."

मी काय म्हणते, दहा-दहा बालुन कानाला लावत उभा राहिलेला माणूस तुम्ही कुठल्या दुकानात पाहिलाय? माझ्या दुकानात तो आठवड्यातून चारदा यायचा. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत माझं कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान आहे. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा, मूळचे मंद्रूपचे, शहरभर कॅमेरे बसवत हिंडायचे. मागची गिऱ्हाईकं खोळंबायची, चुळबुळायची, आणि मामांच्या गावीही नसायचं.

बालुन म्हणजे काय हे लग्न होऊन या घरात येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं, तेव्हा तुम्हाला नसेल तर लाजू नका. कॅमेऱ्याची जाड केबल फार लांब नेणं परवडत नाही. मग नेटच्या साध्या वायरमधल्या दोन बारीक तारांवरून चित्र न्यायचं. त्यासाठी दोन्ही टोकांना अंगठ्याएवढा ठोकळा लावतात, एका बाजूला गोल पिन, दुसऱ्या बाजूला दोन स्क्रू. झालं, एवढंच.

पण मामांच्या दृष्टीनं ते एवढंच नव्हतं. एका टोकाचा बालुन गेला तरी ते दोन्ही नवे घ्यायला लावायचे. एका बाजूला एका कंपनीचा आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच कंपनीचा, हे त्यांना खपत नसे. "एक कन्नडमदी बोलतोय, दुसरा तेलुगूत. चित्रानं कुणाचं ऐकायचं?" नवा, जास्त स्पष्ट दिसणारा कॅमेरा घेऊन त्याला जुनेच बालुन लावणारे लोक भांडायला आले की माझ्याआधी मामाच त्यांना झापायचे. धंदा माझा आणि तोंड मामांचं, असा सगळा कारभार.

आणि चष्मा. मामांचा चष्मा कायम कपाळावर. डोळ्यांवर आलेला मी एकदाच पाहिला, ते पुढं सांगते.

आमच्या थट्टेचा मुख्य विषय मात्र त्यांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक जोडाला मामा कागदाची चिठ्ठी गुंडाळून वर पारदर्शक टेप मारायचे. तारांची कुठल्या रंगाची जोडी, वायर किती लांब, खाली सही. मी म्हणायचे, मामा, औषधाची बाटली आहे का ती, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर असंही लिहा की. ते हसायचे नाहीत. "उद्या मी नसंल तर शिडीवर चडणाऱ्याला कळाया नको व्हय?"

एकदा दुपारी टॉवेलच्या एका कारखान्याचे मालक तणतणत दुकानात आले. मामा तिथंच होते, बालुन कानाला लावून. मालकांनी फोनवरचं चित्रीकरण आमच्या तोंडासमोर धरलं. मागच्या फाटकावरचा कॅमेरा रोज चारच्या सुमाराला बिघडायचा. चित्रात आडव्या रेघा उठायच्या, अर्धा तास काही दिसायचं नाही, मग आपोआप ठीक. आणि नेमके त्याच वेळात टॉवेलचे गठ्ठे दोनदा गायब झाले होते. मालकांनी हिशेब करून टाकला होता: फाटकावरचा वॉचमनच कॅमेऱ्याला हात लावतो. उद्या त्याला काढायचा. तरीही जाता जाता मला ऐकवायला ते विसरले नाहीत की तुमचे बालुनही डुप्लिकेट असतील.

माझ्या दुकानाचं नाव घेतल्यावर मी गप्प बसणारी नव्हे. शटर ओढलं, बालुनची नवी जोडी पिशवीत टाकली आणि मामांच्या मागोमाग गाडी घातली.

फाटकाजवळच्या एका खोलीत वॉचमन बायको-मुलीसह राहायचा. नोकरी गेली की खोली गेली. मुलीची दहावी तोंडावर आलेली. तो मामांची शिडी धरून उभा होता.

मामांनी आधी छोटा स्क्रीन थेट कॅमेऱ्याला लावला. चित्र आरशासारखं. म्हणजे एरवी तरी कॅमेरा ठीक. मग माझी नवी जोडी दोन्ही टोकांना बसवली. चार वाजायला आले तसं मामांनी वॉचमनला ऑफिसात बोलावून मालकांच्या शेजारी, स्क्रीनसमोर उभं केलं. चारला कपडा धुण्याच्या विभागातली मोठी मोटर सुरू झाली, आणि नव्या बालुनवरही स्क्रीनभर रेघा उठल्या. वॉचमनचे दोन्ही हात आमच्या डोळ्यांसमोर होते.

माझे बालुन सुटले, म्हणून मी खूश. पण मालक हटेनात. म्हणाले, मग याचा कुणीतरी साथीदार असेल.

मामा पुन्हा शिडीवर चढले. छोटा स्क्रीन पुन्हा थेट कॅमेऱ्याला लावला, तर मोटर चालू असूनही चित्र स्वच्छ; म्हणजे दोष वायरीत. मी मान वर केली, तर चष्मा डोळ्यांवर होता.

"अक्का, वर या. हा रंग कोंचा, सांगा बरं."

मी साडी खोचून चार पायऱ्या चढले. नेटच्या वायरमध्ये प्रत्येक रंगीत तारेला तिची एक पांढरी तार पिळलेली असते, तिच्यावर त्याच रंगाची बारीक रेघ. दोघी एकमेकींना पिळलेल्या असल्या की बाहेरची खरखर दोघींना सारखीच लागते आणि बालुन ती गाळून टाकतो. इथं नारिंगी तारेबरोबर जी पांढरी लावली होती, तिच्यावरची रेघ तपकिरी होती. परक्या जोडीतली. एरवी चित्र यायचं, पण मोटर सुरू झाली की तिची खरखर थेट चित्रात. आणि शेजारी मामांच्याच अक्षरातली चिठ्ठी: नारिंगी जोडी. खाली मामांचीच सही.

मामा हळू आवाजात सांगू लागले. दोन वर्षांमागं भर उन्हात बसवलं होतं, तारांवरच्या रेघा फिक्या, चष्मा कपाळावर. दुसऱ्या टोकाला बरोबर तार लावली तर चित्र येईना, म्हणून एकेक तार लावून पाहिली. एकीवर आलं. "चित्र आलं, आन् उतरलो. का आलं ते बगितलं न्हाय."

आता खरं सांगते, मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. मी पुटपुटले, मामा, उंदरानं वायर खाल्ली म्हणा आणि बदलून टाका. वॉचमनही सुटेल, तुमचंही नाव राहील. या मालकांच्या ओळखीनं मामांना अर्ध्या औद्योगिक वसाहतीचं काम मिळायचं, हे मला माहीत होतं.

मामांनी माझ्याकडे चष्म्यातून पाहिलं. त्यांचे डोळे इतके मोठे मी कधी पाहिले नव्हते. मग खाली उतरून ते मालकांपुढं गेले. "चूक माजी हाय. ह्या मानसानं कशाला हात लावला न्हाय."

मालकांनी वॉचमनला फाटकावर परत जायला सांगितलं. मामांनी दोन्ही टोकांना नारिंगीबरोबर तिचीच पांढरी तार लावली, कोपऱ्यात बसून नवी चिठ्ठी लिहिली, वर चढून जोडाला गुंडाळली, टेप मारली. मोटर पुन्हा सुरू करायला सांगितलं. चित्र जागचं हललं नाही.

पुढचं ऐकाल तर हसाल. आठवड्यानं त्याच स्वच्छ चित्रात, बरोबर चार वाजता, गठ्ठा गाडीत घालणारा इसम दिसला. मालकांचा सख्खा मेहुणा. चारला कॅमेरा आंधळा होतो हे घरच्या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार? तो दुरुस्त झालाय हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मालक त्यानंतर माझ्या दुकानात आले तेव्हा वायरीचे भाव विचारतानाही खाली बघत होते. मामांना मात्र त्या वसाहतीतून पुन्हा फारसं बोलावणं आलं नाही. स्वतःची चूक कबूल करणाऱ्या माणसाची लोकांना भीतीच वाटते, काय करणार.

मामा जाऊन आता वर्ष होईल. मंद्रूपला शेतावर बसल्या जागी गेले. मला फार आठवण येते, लपवत नाही. नवे कॅमेरे नेटच्या वायरीवर सरळ चालतात, बालुन कुणी मागत नाही. आले तरी हलवून बघणारं कुणी नाही. कधीकधी मीच कानाला लावते.

परवा तो वॉचमन दुकानात आला. कारखान्यात नवे कॅमेरे बसले, जुन्या वायरी भंगारात निघाल्या. त्यानं आधार कार्डाच्या पाकिटातून त्यातल्याच एका वायरीवरचा पिवळट कागद काढला. टेप कडेनं सुटली होती. मामांचं अक्षर.

'नारिंगी जोडी. आधी चुकीची जोडली होती. चूक माझी. वॉचमनचा दोष नाही.' खाली सही.

शिडीच्या उंचीवर, टेपच्या आत, कुणी वाचणार नाही अशा जागी मामांनी हे लिहून ठेवलं होतं.

"अक्का," तो म्हणाला, "ह्याला प्लास्टिक मारून कुटं मिळंल?"

मी दुकान तसंच उघडं टाकून त्याच्याबरोबर निघाले.