साबुदाण्याचं जॅकेट

नेमबाजी हा खेळ साबुदाण्याशिवाय खेळतात, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्याआधी खेळाशी माझा संबंध म्हणजे गणपतीतली संगीत खुर्ची, आणि त्यातही मी पहिल्याच फेरीत बाद. पण आमची मुक्ता नववीत गेली आणि एअर रायफल शिकायला लागली. वर्षभरात मराठवाडा विभागाच्या स्पर्धेत तिचं नाव लागलं. पहिलीच मोठी स्पर्धा, तीही आपल्याच संभाजीनगरात! इथं वरच्या मुलींत नंबर आला, तर पुढे राज्य स्पर्धा. मुक्ता शांत होती. तिची आई, म्हणजे सुनीता, शांत होती. मी मात्र आमच्या पतसंस्थेत येणाऱ्या प्रत्येक खातेदाराला एक डोळा मिटून नेम कसा धरतात ते दाखवत होतो. (नेमबाज शक्यतो दोन्ही डोळे उघडे ठेवतात, हे मुक्ताने नंतर सांगितलं. तोवर अर्धं शहर चुकीचं शिकलं होतं.)

या खेळात अंगात जाड कॅनव्हासचं जॅकेट घालतात. त्याने पाठीला आधार मिळतो आणि रायफल डुलत नाही. मुक्ताचं जॅकेट एका मोठ्या मुलीने वापरलेलं होतं, त्यामुळे पार मऊ पडलं होतं. स्पर्धा जवळ आली तसा एकदा मी तिला रेंजवरून आणायला गेलो, तेव्हा तिला शिकवणाऱ्या मॅडम सहज म्हणाल्या, "जॅकेट जरा कडक असतं ना, तर बरं झालं असतं."

कडक! माझी छाती फुगली. मला हिशेब येतो की नाही यावर पतसंस्थेत दोन मतं आहेत, पण कपड्याला खळ द्यावी तर मीच, यावर नाहीत. माझ्या पांढऱ्या सदऱ्याला खुंटी लागत नाही, तो कोपऱ्यात आपला आपण उभा राहतो, असं सुनीता पाहुण्यांना सांगते. (ती हे कौतुकाने सांगते, असा माझा बरेच दिवस समज होता.)

स्पर्धेला दोन दिवस होते. मुक्ता शाळेत, सुनीता बाजारात. मी डब्यातला सगळा साबुदाणा पातेल्यात ओतून शिजवला, गाळला आणि दाट खळ केली. मग आठवलं, आई विणलेले रुमाल ताठ राहावेत म्हणून साखरेच्या पाण्यात बुडवायची. लेकीची एवढी मोठी स्पर्धा, तिथं हात आखडता कशाला? साखरही घातली! जॅकेट त्यात बुडवलं, दोन्ही बाह्यांतून लांब झाडूचा दांडा घातला आणि गच्चीवर टांगलं. आमच्याकडच्या उन्हाला काही सांगावं लागत नाही. दुपारी शेजारचे पठाणचाचा खालून ओरडले.

"क्या साब, छत पे कौन खडा है सुबू से? नीचे बुलाव ना, लू लग जाती!"

"चाचा, वो जॅकेट है!"

"हौ? फिर हात काइकू फैलाके खडा है?"

संध्याकाळी मुक्ता घरी आली आणि सरळ जॅकेटमध्ये शिरली. शिरली ती शिरलीच. हात खाली येईनात, बटणं निघेनात. ती दिवाणखान्यात दोन्ही हात पसरून उभी आणि समोर मी अभिमानाने बघतोय, तेवढ्यात दारात पिशोरहून माझी थोरली बहीण, अक्का, शेंगांची पिशवी घेऊन हजर. खास भाचीचा खेळ बघायला आलेली.

"आगं माय! पोरीचं बुजगावणं कुणी केलं?"

"आत्या, बाबांनी!"

"व्हय रं सुधाकर? तुला लहानपणापासून सांगत आले, रिकामं बसत जा म्हणून."

सुनीताने गरम पाण्याचा बोळा कोपरांवर फिरवला, तेव्हा कुठे बाह्या वाकल्या. "अहो, धुऊन टाका ते आधी," ती म्हणाली. पण मुक्ताने सवयीने रायफल उचलली, नेम धरला आणि तशीच राहिली.

"आई, थांब. रायफल हलतच नाहीये."

बघा! मी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. त्या रात्री मला इतकी छान झोप लागली की बोलायची सोय नाही. जॅकेट खुर्चीवर होतं. मुंग्या मात्र जाग्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धेआधीची सामानाची तपासणी. ही भानगड मला ठाऊकच नव्हती. टेबलामागे चष्म्यातले एक गंभीर अधिकारी, आणि त्यांच्यापुढे कापडावर दांडी दाबून ते किती वाकतं हे सांगणारं यंत्र. सगळ्या मुलींची जॅकेटं वाकली. आमच्या जॅकेटने मान तुकवली नाही. मी खूश! मग कळलं की जॅकेट ठरल्यापेक्षा कडक असलं तर चालत नाही, कारण तो खेळाडूला मिळालेला गैरफायदा. कडकपणालाही मर्यादा असते, असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. (सुनीता म्हणते, रोज सांगत होते.)

"याला काय लावलंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"विशेष काही नाही. साबुदाणा."

"काय?"

"आणि थोडी साखर."

मुक्ताने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात कॉलरमधून मुंग्यांची एक रांग निघाली आणि शिस्तीत यंत्रावर चढली.

"जॅकेट बाद," अधिकारी खुर्ची मागे सरकवत म्हणाले. "संध्याकाळपर्यंत एकदा परत दाखवता येईल. तेव्हाही नियमात बसलं नाही, तर उद्या जॅकेटशिवाय उभं राहायचं."

आम्ही स्कूटरवरून घरी आलो. जिन्यात मुक्ता म्हणाली, "बाबा, मी वर्षभर पहाटे उठले हो." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. जॅकेटशिवाय तिचा हात डुलणार, नंबर जाणार, आणि तो मीच घालवलेला असणार.

अक्काने पदर खोचला. "रडायचं काय त्यात? धोपाटणं हाय का घरात?"

"अक्का, वॉशिंग मशीन आहे."

"म्या धोपाटणं इचारलं."

धोपाटणं नव्हतं. पठाणचाचांनी आपली तरुणपणची क्रिकेटची बॅट आणून दिली. "संभालके हां आपा, शतक मारेला है इससे!" गच्चीवर गरम पाण्यात जॅकेट भिजवलं आणि अक्का बॅटिंगला उतरली.

"हा तुझ्या कडकपणाला!" धाड! "हा तुझ्या साखरंला!" धाड! मी बादली घेऊन लांब उभा होतो. अक्काचा नेम लई पक्का आहे, आणि ती जॅकेटकडे कमी, माझ्याकडे जास्त बघत होती. खालून सुनीताची हाक आली, "अहो, मोरी तुंबली! आत खीर झालीय खीर!"

आणि मुक्ता हसली. सकाळपासून पहिल्यांदा! हसत हसत तिने आत्याच्या हातातली बॅट घेतली आणि स्वतःच जॅकेट बडवायला लागली. मलाही दोन फटके मारायला दिले. (जॅकेटवर.) मग चाचांचा कूलर बिनपाण्याचा लावला, वरून ऊन होतंच. दिवस कलायच्या आत जॅकेट वाळलं आणि आम्ही धापा टाकत तपासणीच्या टेबलापाशी पोहोचलो. अधिकाऱ्यांनी आधी कॉलर झटकली. मग दांडी दाबली. जॅकेट वाकलं.

"बसतंय नियमात," ते म्हणाले, आणि मी त्यांच्या पाया पडणार होतो, पण सुनीताने मला मागून धरलं.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा. मी माझा सगळ्यात कडक पांढरा सदरा घालून प्रेक्षकांत बसलो. रेंजवर अशी शांतता की टाचणी पडली तरी ऐकू यावी. मुक्ताने रायफल उचलली. मी काळजीने श्वास घेतला. कर्रर! श्वास सोडला. कर्रर! शेजारचे वळून बघायला लागले. मी श्वास रोखून धरला, पण माणूस किती वेळ रोखणार? शेवटी एक कार्यकर्ती मुलगी वाकून कानात म्हणाली, "काका, बाहेर थांबता का प्लीज? तुमचा शर्ट वाजतोय."

म्हणजे लेकीची पहिली मोठी स्पर्धा मी पार्किंगमध्ये, अक्काच्या शेंगा सोलत पाहिली. शेंगा संपल्या, टरफलंही मोडून झाली. मग दार उघडलं आणि मुक्ता पळत आली. बडवलेलं जॅकेट अंगावर लोंबत होतं.

"बाबा, राज्याला नाव लागलं! शेवटच्या नंबरावर, पण लागलं!"

तिने मला अशी मिठी मारली की सदरा कडाडला. माझे डोळे भरून आले, दोन थेंब छातीवर पडले आणि तेवढीच जागा मऊ झाली. मागून आलेली अक्का पदराने नाक पुसत म्हणाली, "हाय का शेंगा, का समद्या खाल्ल्या?"

आता पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धा. जॅकेट कपाटात कुलपात आहे आणि किल्ली सुनीताकडे. बाबांनी यायचं, पण टी-शर्ट घालून, एवढी एकच अट मुक्ताने घातली आहे. मी लगेच जाऊन निळा टी-शर्ट आणलाही. छान आहे, फक्त अंगावर फारच लुळा पडतो. आता त्याला जराशी, अगदी हलक्या हाताने, नुसत्या कॉलरपुरती खळ दिली, तर कुणाला ऐकू येणार आहे?