थोरलीचं आजीपण

थोरलीचे शेवटच्या ऑपरेशनचे टाके निघाले त्या दिवशी आईने शिरा केला. थोरली म्हणजे आमची लॅब्रॅडॉर, सायीच्या रंगाची, तेव्हा सहा वर्षांची. तिची तीन वेतं झाली होती. तिसऱ्या वेळी कळा मध्येच थांबल्या, सिझेरियन करावं लागलं, आणि एक पिल्लू गेलंच. जखम भरल्यावर व्हेटबाई म्हणाल्या, "अजून एक बाळंतपण झेपेल तिला. नियमातही बसतं. पण झेपतंय म्हणून करायचं का, ते तुम्ही ठरवा." मी तिथल्या तिथे ठरवलं. पुढे तिचं गर्भाशय काढून टाकलं, आणि घरी येताना गाडीत तिला सांगितलं, "बाई गं, सुटलीस."

मी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पिल्लं हा माझा नाद. नवरा साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर, तो दमून घरी आला की म्हणायचा, "जेवढी बाळंतपणं तुझ्या युटिलिटी रूममध्ये होतात ना, तेवढी आमच्या वॉर्डात होत नाहीत." आता ती खोली धाकटीकडे येणार होती. धाकटी म्हणजे थोरलीचीच पहिल्या वेतातली मुलगी, आम्ही ठेवून घेतलेली.

ज्या इंग्लिश बाईंकडून मी हे सगळं शिकले, त्या म्हणाल्या होत्या, "ज्या घरात पिल्लं होत राहतात तिथे थोरली रिटायर व्हायची नाही. तिच्यासाठी शांत घर बघ, जिथे ती एकटीच असेल." मी वरवर हो हो केलं. मनात म्हटलं, काय माणसं आहेत! उभा जन्म राबवायचं आणि वय झालं की घराबाहेर? आमच्यात असं नसतं. आमच्यात रिटायर झालेली बाई आजी होते. घरातच राहते, नातवंडं खेळवते, सगळ्यांना सोयीचं पडतं.

धाकटीची पिल्लं झाली ते दिवस आठवले की मला अजून गुंगी येते. मे महिना होता. खोलीत दिव्याची ऊब, दुधाचा आंबूस वास, आणि पिल्लांची झोपेतली कुणकुण. मी लॅपटॉप घेऊन तिथेच जमिनीवर बसायची आणि मीटिंग चालू असताना माझे डोळे मिटायचे. लांबून बंदरातल्या क्रूझचा भोंगा ऐकू यायचा. वाटायचं, आपलं घरच दोर सोडून हळूहळू पाण्यावर निघालंय. आई पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. तिने एकेका पिल्लाच्या कपाळावर काजळाची तीट लावली. पिल्लू बघायला आलेल्या एका गृहस्थांनी घाबरून विचारलं, "हा त्वचेचा रोग आहे का?" आई मराठीतच म्हणाली, "तुमचीच दृष्ट लागायची, म्हणून."

धाकटी आई झाली खरी, पण वृत्तीने कॉलेजकुमारीच. दूध पाजलं की टुणकन उडी मारून बागेत. मग थोरली हळूच पिल्लांच्या पेटीत शिरायची, पिल्लांना चाटायची, कुशीत घ्यायची. मी व्हिडिओ काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, "आजी ऑन ड्यूटी." लाइक्सचा पाऊस पडला. मला इतका आनंद झाला होता, काय सांगू!

पुढे पिल्लांना दात फुटले. थोरलीला दूध नव्हतं, तरी पिल्लं ओढायची, नखांनी ओरबाडायची. तिचं पोट लाल झालं, खाणं कमी झालं, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मी दार लावून घेतलं तर ती फटीला नाक लावून बाहेर बसून राहायची. आत जरा कुणी कुणकुणलं की ताडकन उभी.

आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "ती झोपत नाही गं. नुसती डोळे मिटते."

"अगं, आवडतं तिला."

"आवडतंच. म्हणून तर तिला कुणी विचारत नाही." आईने टॉवेलची घडी मांडीवर दाबली आणि पुढचा कपडा घेतला.

मला राग आला. आईचा नाही, त्या इंग्लिश बाईंचा, कारण त्यांचंच खरं निघालं होतं. मुकाट्याने फोन केला. त्यांच्या ओळखीत एक बाई होत्या, पूर्वी बस चालवायच्या, आता खाडीकाठच्या बंगल्यात एकट्या. त्या येऊन थोरलीशेजारी जमिनीवर बसल्या आणि तिचा कान कुरवाळत राहिल्या. मला आवडल्या, आणि त्याचंही वाईट वाटलं. निघताना आईने थोरलीच्या जिभेवर दही ठेवलं. गाडी वळल्यावर मी युटिलिटी रूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. पिल्लं माझ्या पायमोज्यांना चावत होती.

महिन्याभराने आई आणि मी तिला भेटायला गेलो. लांबलचक उन्हाळी दुपार, खाडीचं पाणी इतकं स्तब्ध की होड्या हवेत ठेवल्यासारख्या दिसत होत्या. थोरली बागेतल्या गवतावर आडवी पसरली होती. अंगावर मांस आलेलं, तोंड अर्धवट उघडं, स्वप्नात पंजे हलत होते. मी हाक मारली. शेपटी एकदा गवतावर आपटली, बस्स. डोळा उघडला नाही.

"बघ, मी आलेय आणि ही उठतसुद्धा नाही!" मला खरंच लागलं होतं. चहा गार होईपर्यंत आई त्या झोपलेल्या कुत्रीकडे बघत राहिली.

परतताना हायवेला लागल्यावर तिने विचारलं, "तिकीट बदलता येतं का गं?"

पुढच्याच आठवड्यात तिला लंडनमध्ये स्टॅनमोरला सोडायचं होतं. तिथे माझ्या बहिणीला दुसरं होणार होतं, पहिला अडीच वर्षांचा. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी आई आली होती, बहिणीच्या पहिल्या वेळीही. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा.

"कधीचं हवंय?"

"आत्ताचं. पुण्याला जाते मी."

"आई, अगं तिचे दिवस भरत आलेत! कोण करणार तिचं?"

"ते मला नाही माहीत." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला झोपायचंय गं. दुपारची. कुणाचं दूध उतू जाईल, कुणी उठेल, असलं काही डोक्यात न ठेवता. फार वर्षं झाली."

या बाईला आम्ही दोघी बहिणींनी आलटूनपालटून बोलावलं होतं, विमानाची तिकिटं पाठवली होती, वर कौतुकाने सांगितलं होतं की आईला इथे किती करमतं. थोरलीला सोडवायला मी जेमतेम महिना घेतला.

सर्व्हिसेसला, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर, गाडी लावून, बाहेर उभी राहून मी बहिणीला फोन लावला. ती आधी रडली, मग चिडली, मग म्हणाली, "असं कसं? आईला दे फोन."

मी काचेतून आत पाहिलं. आईची मान एका बाजूला कलली होती, पर्स मांडीवरून घसरून पायाशी पडली होती.

"नाही देत," मी म्हटलं. "ती झोपलीय."