जुईच्या जेवणाला सिंह हवा

मिलिंद पिंगळे माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. मूळचा नाशिकचा, इथे सिल्वासाजवळ मसाटला धाग्याच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. म्हणजे धागा किती ताणला की तुटतो हे दिवसभर तपासायचं आणि संध्याकाळी आमलीला घरी यायचं. माणूस सरळ. खोट एकच, त्याला कुणीही काहीही सांगितलं की तो ते करतो. लग्नाआधी हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मुलगी झाली आणि सगळं सिल्वासा त्याला सांगायला लागलं.

पेट्रोल पंपावर मागच्या गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली करून सांगितलं, पाळणा पूर्व-पश्चिम ठेवू नका. मिलिंदने घरी येऊन पाळणा फिरवला. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाईंनी सांगितलं, दक्षिण-उत्तर तर अजिबात नको. त्याने पुन्हा फिरवला. मग दोघांचाही मान राहावा म्हणून पाळणा कायमचा तिरका ठेवला, आणि त्याची बायको वर्षा दीड वर्ष त्या खोलीत अंग चोरून शिरत होती. वर्षा औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. शांत बाई आहे. शांत नसती तर हे घर चाललं नसतं.

मुलीचं नाव जुई. चार वर्षांची झाली तेव्हा ती जवळजवळ काहीच खात नव्हती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वजन ठीक आहे, मागे लागू नका. पण डॉक्टर एकटेच होते आणि बाकीचे पुष्कळ. नाशिकहून मिलिंदच्या आईचा फोन यायचा, "गोष्ट सांगत भरव." पुण्याहून वर्षाची बहीण तन्वी सांगायची, "गोष्ट अजिबात नको, लक्ष ताटात हवं." तन्वीने बालसंगोपनाचा ऑनलाइन कोर्स केला होता, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होतं. मग मिलिंद गोष्ट सुरू करायचा आणि मध्येच थांबवायचा. राजकन्या विहिरीत पडलेली असायची आणि हा म्हणायचा, "आता ताटात बघ." जुई राजकन्येसाठी रडत उठायची.

कारखान्यात कुणीतरी म्हणालं, भाज्यांना नावं द्या, मुलांना आपुलकी वाटते. मिलिंदने दुधीचं नाव दत्तू ठेवलं. जुईला दत्तूबद्दल इतकी आपुलकी वाटली की तिने त्याला चिरू दिलं नाही. दत्तू टोपी घालून फ्रीजच्या दारात उभा राहिला, आणि मऊ पडल्यावर वॉचमन नथूने त्याला गेटजवळ खड्डा करून पुरलं. जुईने तीन दिवस दुधी हा शब्द घरात उच्चारू दिला नाही.

मग एका रविवारी ते तिघं वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेले.

तिथे जाळी लावलेल्या गाडीत बसवून आत नेतात. जुई खिडकीशी बसली होती, हातात पोळीचा रोल. वर्षाने सवयीने दिलेला, खाईल अशी आशा न ठेवता. गाडी थांबली. झाडाखाली एक सिंह पसरला होता. त्याने मान वळवून गाडीकडे पाहिलं आणि जांभई दिली. जुईने त्याच्याकडे बघत एक घास खाल्ला. सिंह बघतच राहिला. तिने पुढचा घास खाल्ला. मिलिंदने वर्षाचं मनगट घट्ट धरलं. रोल संपला तेव्हा जुईने रिकामा हात जाळीला लावून सिंहाला दाखवला. सिंहाने मान खाली ठेवली.

परत येताना ती मागे वळून वळून बघत होती. मग म्हणाली, "बाबा, आपल्याला कुणी पकडलं होतं?"

"पकडलं? कुणी नाही, बाळा."

"मग आपण जाळीत का होतो? सिंह तर मोकळा होता. तो आपल्याला बघायला आला होता ना?"

मिलिंदने वर्षाकडे पाहिलं.

"त्याला मी आवडले," जुई म्हणाली. "माझं जेवण होईपर्यंत तो गेला नाही."

सोमवारी सकाळी मी पेपर घ्यायला दार उघडलं, तर मिलिंद ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पॅसेजमध्ये स्वतःच्याच जाळीच्या दाराबाहेर उकिडवा बसलेला. दाराला आतून कडी. आत जुई ताट घेऊन बसलेली.

"काय रे, बाहेर काढलं का?" मी विचारलं.

त्याने डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. आतून आवाज आला, "काका, सिंहाशी बोलू नका."

मी बघत उभा राहिलो. मुलगी पोहे खात होती. त्यातले शेंगदाणे, कढीपत्ता, सगळं. मिलिंद एकटक बघत होता. त्याने जांभई दिली, तेव्हा तिने मान डोलावून पसंती दिली. ताट रिकामं झाल्यावर वर्षाने कडी काढली आणि मिलिंदला डबा दिला. तो गुडघे चोळत जिना उतरला. त्याच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद त्याला प्रमोशन मिळालं तेव्हाही पाहिला नव्हता.

तन्वीचं मत पडलं की मूल खेळात पुढाकार घेत असेल तर मोठ्यांनी मागून जावं. नाशिकहून आई म्हणाली, इतका वेळ टक लावून बघतोस, दृष्ट काढत जा. म्हणून मिलिंद आधी सिंह व्हायचा आणि नंतर मीठमोहऱ्या ओवाळायचा. वर्षा फक्त एवढंच म्हणाली, "जेवतेय ना? मग असू दे."

अडचण शिफ्टची आली. त्याला दोन आठवडे पहाटेच निघावं लागणार होतं. आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला.

"काका, सकाळी थोडा वेळ असता ना तुम्ही? प्लायवूडचं दुकान तसं उशिरा उघडता."

"असतो. का?"

"सिंह व्हाल का?"

मी झालो. सांगतो, दिसतं तेवढं सोपं नाही. नाक खाजवायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. मी एकदा "छान!" म्हणालो तर जुईने चमचा खाली ठेवला. "सिंह छान म्हणत नाही." दुसऱ्या दिवशी शेजारच्या रजनीताई उभ्या राहिल्या. त्या डहाणूकडच्या, अर्धं बोलणं गुजराती. त्यांना गप्प राहवेना. "खाई ले, दीकरी, गरम छे तोवर खाई ले," असं त्या जाळीतून म्हणाल्या आणि जुईने त्यांना सिंहांतून काढून टाकलं.

मग मी नथूला वर बोलावलं. तो नंदुरबारकडचा, रात्रभर गेटवर जागलेला. "बसतो ना साहेब, बसाले काय जातं," म्हणाला. भिंतीला टेकून बसला, अर्धमिटल्या डोळ्यांनी आत पाहिलं आणि अशी खरीखुरी जांभई दिली की जुईने दोन पोळ्या खाल्ल्या.

बातमी जिन्याने खाली गेली. ज्यांची मुलं जेवत नव्हती असे पालक आमच्या मजल्यावर आपापली ताटं आणि मुलं घेऊन यायला लागले. मुलं आत जुईसोबत ओळीने बसायची, वर्षा कडी लावायची, आणि आईबाप बाहेर सिंह व्हायचे. जुईने नियम सांगितले. बोट दाखवायचं नाही. जाळी वाजवायची नाही. आत काही खायला टाकायचं नाही. एकदा कुरिअरवाला पार्सल घेऊन आला, गर्दी बघून तोही टेकला आणि मुलांचा वरणभात संपेपर्यंत हलला नाही. जाताना म्हणाला, "बरं वाटलं."

सोसायटीचे सेक्रेटरी रघुनाथराव हे ऐकून तणतणत वर आले. चाळीसगावचे, कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त, पांढऱ्या जाडजूड मिशा. "हा येण्याजाण्याचा रस्ता आहे! इथे कुणालाही बसायची परवानगी नाही!" आतली सगळी मुलं खायची थांबली आणि त्यांच्याकडे बघायला लागली. मग जुई हळूच शेजारच्या मुलाला म्हणाली, "हा खरा आहे."

रघुनाथराव पुढचं बोलायचे थांबले. मुलांनी घास उचलले. ते तिथेच उभे राहिले, सगळी ताटं रिकामी होईपर्यंत, एक शब्द न बोलता. दुसऱ्या दिवशी ते वेळेआधी आले. मिशा विंचरलेल्या होत्या. बाकीच्यांना त्यांनी खुणेनेच भिंतीकडे सरकून बसायला सांगितलं.

त्या शनिवारी मिलिंदची शिफ्ट बदलली. तो उत्साहाने येऊन आपल्या जुन्या जागी बसला. जुईने त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "बाबा, तू थोडा बाजूला बस ना. मला आजोबा दिसत नाहीयेत."

तो बाजूला बसला. मला त्याचा चेहरा बघवेना. माझ्या घरी चहाला आला तेव्हा म्हणाला, "काका, सुरुवात मी केली होती."

"अरे, मुलगी जेवते आहे."

"ते आहेच. पण माझ्यात काय कमी आहे?"

त्याने सगळ्यांना विचारलं. तन्वी म्हणाली, मुलांच्या आवडी बदलतात, मनाला लावून घेऊ नकोस. आई म्हणाली, मिशा वाढव. त्याने वाढवायला घेतल्या, त्या नीट येईनात. कारखान्यात तो यंत्राशेजारी उभा राहून जांभईचा सराव करायचा. वरिष्ठांनी त्याला बोलावून झोप होते का म्हणून विचारलं आणि एक दिवसाची रजा देऊन टाकली.

त्या रजेच्या दिवशी तो वर्षाला "काम आहे" म्हणून सांगून निघाला आणि एकटाच वासोण्याला गेला. हे त्याने मला नंतर सांगितलं. गाडीत तीन-चार कुटुंबं होती आणि मध्ये हा, मांडीवर डबा घेऊन. त्याला सिंह कसा बघतो ते नीट पाहायचं होतं. सिंह त्याच झाडाखाली होता. तोच की दुसरा, देव जाणे. आजूबाजूला लोक फोटो काढत होते, पोरांना उचलून दाखवत होते. सिंहाने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती मिलिंदवर येऊन थांबली.

"कसा बघत होता?" मी विचारलं.

"काहीच सांगत नव्हता, काका." मिलिंद कपातल्या चहाकडे बघत होता. "चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघत होतं आणि काही सांगत नव्हतं. मी डबा कधी उघडला मला कळलंच नाही. कारल्याची भाजी होती. सगळी खाल्ली."

"आणि जांभईचं?"

"ते बघायचं राहूनच गेलं."

त्या संध्याकाळी त्याने हे वर्षालाही सांगितलं. वर्षाने ऐकून घेतलं, त्याचं ताट वाढलं, त्याला आत बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन जाळीपलीकडे उभी राहिली. मी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आलो होतो. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मिलिंद खाली मान घालून सावकाश जेवत होता. जुई त्याच्या शेजारी बसून त्याच्या ताटातली कोशिंबीर हाताने खात होती, आणि बाहेर कोण आहे हे बघत नव्हती.

पुढच्या सोमवारी सकाळी पॅसेज भरलेला होता. रघुनाथराव मधोमध, नथू भिंतीला टेकून, चार-पाच आईबाप, त्यांची मुलं ताटं धरून. जुई दारापर्यंत आली. तिने सगळ्यांकडे पाहिलं.

"आज बंद आहे," ती म्हणाली.

"उद्या?" रघुनाथरावांनी वाकून विचारलं. सिंह झाल्यापासून ते बोललेले ती प्रथमच ऐकत होती. ती जरा दचकली.

"उद्या पण." मग त्यांचं वाईट वाटून तिने जाळीतून बोटं बाहेर काढली आणि त्यांच्या मिशीला हात लावला. "तुम्ही घरी जाऊन जेवा, आजोबा."

आतलं लाकडी दार लागलं. आम्ही बराच वेळ तिथेच उभे राहिलो, काय करायचं कुणालाच सुचेना. शेवटी रजनीताईंनी आपलं दार उघडलं, ज्यांच्या हातात ताटं होती त्या मुलांना आत घेतलं आणि पंखा लावला. मुलं तिथे बसून जेवली. नथू म्हणाला, "मंग मी झोपाले जाऊ का?" आणि गेला.

आता जुई शाळेत जाते. जेवणाचं म्हणाल तर कधी खाते, कधी टाकते, त्याची चर्चा होत नाही. सध्या गोष्ट झोपेची आहे. ती झोपायला तयार नाही, कारण सगळे झोपले तर घर कोण बघणार? तन्वीने लांबलचक मेसेज पाठवला होता. मिलिंदने तो उघडलाही नाही. तो तिच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, "तुझी शिफ्ट संपली. माझी सुरू झाली. चार्ज दे."

परवा मी त्यांच्याकडे इस्त्री मागायला गेलो होतो तेव्हा हा चार्ज देणं चालू होतं. जुई पांघरुणात उठून बसली होती.

"नळ बंद आहे," तिने सांगितलं. "आई स्वयंपाकघरात आहे. दोन चपला दाराशी आणि एक पलंगाखाली. भिंतीवर पाल आहे, ती आपलीच आहे."

"पाल एकच?"

"एकच. तिला हाकलू नकोस."

"बरं. घेतला चार्ज," मिलिंद म्हणाला.

ती आडवी झाली आणि बघता बघता झोपली. मी इस्त्री घेऊन दाराशी थांबलो होतो, पण मिलिंद काही उठला नाही. खुर्ची जराशी भिंतीकडे वळवून तो पालीकडे लक्ष ठेवून बसला होता.