पाटीची मागची बाजू

"संपलंय म्हणायचं. यात अवघड काय आहे?"

"सकाळी मीच काठी टाकून बघितलंय, मालक. टाकीत साडेसात हजार लिटर आहे."

"मी टाकीचं विचारलं का? पाटी लावा म्हटलं."

"उद्या कितीनं वाढतंय?"

"चारनं. आत्ताच फोन आला." मालकांनी टेबलावरचा पंखा स्वतःकडे वळवला. "चार, बाई. आज विकलं तर माझ्यासारखा वेडा मीच."

"आणि ज्यांना आजच लागणार आहे?"

"त्यांना उद्या मिळेल. पेट्रोलवाचून कुणी मरत नाही."

बाईंनी भिंतीला टेकवलेल्या पाटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लावते. आज तर लावतेच."

"मग इतका वेळ माझ्या घशाला कोरड कशाला पाडलीत?"

पंपावर त्यांना सगळे आकडेबाई म्हणत. रस्त्याकडेच्या उंच फलकावर पत्र्याचे आकडे टांगलेले असत. भाव बदलला की लांब बांबूने जुने उतरवायचे, नवे चढवायचे, हे काम सव्वीस वर्षं त्यांच्याकडे. शिवाय रोज सकाळी जमिनीखालच्या टाकीत खुणांची पितळी काठी सोडायची आणि ती कुठवर भिजली ते बघायचं. मालक आधी त्यांना 'ए मुली' म्हणत, मग 'ताई', आता 'बाई'. "माझाही भाव चढलाय," त्या सांगत, "पगार तेवढा चढायचा विसरला."

आयुष्यातलं सगळं त्यांना भावावरून आठवे. मुलगी झाली तेव्हा एकोणतीस. नवऱ्याने स्कूटर विकली तेव्हा चौसष्ट. शंभरी आली त्या दिवशी फलकावर तिसऱ्या आकड्याला खिळाच नव्हता. बाईंनी शिडी चढून एक्का तारेने बांधला, तर खालून एक गिऱ्हाईक म्हणालं, "हात जरा आखडता घ्या की, बाई."

"मी नुसते टांगते हो. ठरवणाऱ्याला शिडी चढावी लागत नाही."

भाव चढताना दोन-दोन पायऱ्या घेतो आणि उतरायचं म्हटलं की गुडघे धरून बसतो, असं त्यांचं म्हणणं. कुठल्याही भावाचं काहीही विचारा, सांगत. बेचाळीसचं मात्र विचारलं की पाणी प्यायला उठत.

बावीस वर्षांपूर्वी बेचाळीसचं दुसऱ्या दिवशी सेहेचाळीस होणार होतं. त्या संध्याकाळी मालकांनी 'पेट्रोल संपले' ही पत्र्याची पाटी नवी करकरीत रंगवून आणली आणि बाईंनी ती खांबाला टांगली. थोड्याच वेळात त्यांचा थोरला भाऊ शेजाऱ्याची गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर आई होती, दम्याने धापा टाकत.

"टाक दोन लिटर. काटा पार खाली टेकलाय."

मालक पाठीमागेच उभे होते. घरी मुलगी तीन वर्षांची होती आणि नवऱ्याला काम नव्हतं.

"संपलंय रे, दादा."

दादाने गाडी वळवली. पुढच्या पंपाच्या वाटेवर ती बंद पडली. आई तिथेच गेली, रस्त्याच्या कडेला, दादा गाडी ढकलत असताना.

चार दिवसांनी बाई कामावर आल्या, तेव्हा तो पंपावर येऊन उभा राहिला. "दुसऱ्या दिवशी उजाडताच इथे रांग लागली होती म्हणे. टँकर कधी आला?"

बाईंची नजर भिंतीकडच्या पाटीवर गेली. तो गेला. त्यानंतर त्याने बहिणीच्या घराची पायरी चढली नाही.

त्याच दुपारी बाईंनी आकड्यांच्या रंगात बारीक ब्रश बुडवला. पाटीच्या मागच्या बाजूला, अगदी वर, लिहिलं: त्या संध्याकाळची तारीख, तेव्हाचा भाव, दुसऱ्या दिवसाचा भाव, टाकीत किती लिटर होतं. ओळीच्या शेवटी एक शब्द: आई.

पाटी टांगली की पाठ खांबाला, उतरवली की भिंतीला. मागे बघतो कोण? मालकांनी संपवलेल्या प्रत्येक पेट्रोलची एक ओळ त्यावर चढत गेली. बाईंनी पगार घेतला, मुलगी शिकवली, 'हो मालक' म्हटलं. एका ओळीला लोक हसतील. पत्रा भरू दे. तेवढं त्यांना धरून ठेवायला पुरलं.

आज पत्र्याच्या तळाशी एकाच ओळीची जागा उरली होती.

बाईंनी ती ओळ सावकाश लिहिली, साडेसात हजारातलं एक शून्य बिघडलं ते बोटाने पुसून परत काढलं. मग पाटी नेऊन खांबाला टांगली. उलटी, मागची बाजू पुढे. डोळ्यांच्या उंचीवर.

आधी एक मोटरसायकल थांबली. मग टॅक्सी. मग मागचे हॉर्न वाजवायचे सोडून उतरून आले. एक शिक्षिका मोठ्याने वाचू लागली, वर्गात वाचावं तशी. सत्तावीस ओळी होत्या. पहिलीपाशी ती अडखळली. "हे 'आई' काय आहे?"

मालक धावत बाहेर आले. "जुना पत्रा आहे हो. कुणीतरी चेष्टा केलीय."

टॅक्सीवाल्याने शेवटच्या ओळीवर बोट फिरवलं आणि त्यांच्यासमोर धरलं. "जुना? रंग ओला आहे."

"मागच्या महिन्यात पण रात्री संपलं होतं," मोटरसायकलवाला म्हणाला, "आणि सकाळी नव्या भावानं मिळालं. टँकर कधी आला, मालक?"

"येतो तेव्हा येतो."

"काठी टाका मग. आमच्यासमोर."

मालकांनी वळून पाहिलं. बाई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या, हातात पितळी काठी. मालकांचा आवाज बावीस वर्षांत पहिल्यांदा मऊ झाला. "ताई, तुम्ही सांगा ना यांना. तुमचं ऐकतील. संपलंय म्हणावं, एवढंच."

बाईंनी काठी मालकांच्या हातात दिली, खुंटीवरची डब्याची पिशवी काढून खांद्याला लावली आणि गाड्यांमधून वाट काढत निघाल्या.