उज्ज्वलाताईंचं रॉकेट

उज्ज्वलाताईंच्या दवाखान्यात पेशंट शिरला की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी थुंकून या, मंग बोला." कितीही मोठा माणूस असो, सवलत नाही. टेंभुर्णीतल्या गुटख्याने किटलेल्या दाढा दिवसभर खरवडून त्या संध्याकाळी आमचा जिना चढायच्या, तेव्हा तोंड कडू झालेलं असे. "किळस येती हो वहिनी. पण दुखणं तर खरंच असतं ना त्याचं," म्हणत आधी कोपरापर्यंत हात धुवायच्या.

आमच्या वरच्या खोल्यांत त्या एकट्याच भाड्याने राहायच्या. गच्चीवर त्यांनी रॉकेट बांधायला घेतलं तेव्हा मला वाटलं, दिवाळीचं असेल. बघता बघता ते त्यांच्या डोक्याच्या वर गेलं. नळीवर फायबरचं कापड, वर रेझिनचा थर, वाळला की पॉलिश पेपर, पुन्हा थर. त्या वासाने माझं डोकं उठायचं. एकदा म्हटलं, "आता झालं की गुळगुळीत." त्यांनी माझं बोट धरून त्या पांढऱ्या अंगावरून फिरवलं. "हितं लागलं का खरखरीत? हितंच हवा अडती."

इंजिनासाठी आणि उडवण्याच्या परवानगीसाठी त्यांनी घातलेले हेलपाटे मी पाहिलेत. शेवटी एका दिवसाची परवानगी मिळाली.

माझ्या दिरांच्या पडीक रानात ताईंनी फक्कीने भलंमोठं रिंगण आखलं. "आत कुणी यायचं न्हाई. इंजिन फुटलं तर तुकडा कुणाकडं जाईल, सांगता येत न्हाई." पण बातमी आधीच गावभर झाली होती. ट्रॅक्टर भरभरून लोक आले. एक पुढारी हार घेऊन आला. बटण त्यालाच दाबायचं होतं. फोटोसाठी सगळे रिंगणात घुसले. पुढाऱ्याबरोबरचा गणपत रॉकेटला रेलून उभा राहिला, फोटो निघाला, आणि तो तिथेच पचकन थुंकला. लाल ओघळ पांढऱ्या पंखावरून खाली आला. लोक हसले.

ताई ओरडल्या नाहीत. "मागं सरका," एवढंच म्हणाल्या. कुणी हललं नाही.

"म्याडम, लोकं बघायलाच आल्यात ना? दाबू द्या जल्दी," पुढारी म्हणाला.

ताईंनी वाकून रॉकेटखालची वायर काढून घेतली. "आज उडायचं न्हाई."

मग शिट्ट्या, शिव्या. कुणीतरी ढेकूळही मारलं. गर्दी पांगली तोवर परवानगीची वेळ टळली होती. मी पदराने तो पंख पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही नका वहिनी. मला सवय हाय या घाणीची."

त्यांनी पुन्हा अर्ज केला, उत्तर आलं नाही. एका रविवारी त्यांनी रॉकेट सुटं करून पोत्यांत बांधलं.

पुढे मी दात दाखवायला गेले असताना गणपत आला, गाल टम्म सुजलेला. मला वाटलं, हाकलतील. मला तर तो समोर बसलेलाही सहन होत नव्हता. ताईंच्या कपाळाला आठी पडली, पण दाढ काढताना हात हलका होता. काम झाल्यावर बधिर ओठांनी तो म्हणाला, "म्याडम, खरंच उडालं असतं का हो ते?"

ताईंनी हातमोजे काढून बादलीत टाकले.

"तुम्ही मागं सरकला असता, तर कळलं असतं."