पागेत न बिघडणारी मोटार

आमच्या घरात तूप गाळायचं फडकं कधी जागेवर सापडलं नाही. रविवारी सकाळी ते नाहीसं व्हायचं आणि संध्याकाळी पेट्रोलचा वास घेऊन परत यायचं. चोर घरातलाच होता. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या वेळी रीत नव्हती, म्हणून एकदाच लिहिते, मधुसूदन लघाटे. दरबारच्या दफ्तरखान्यात ते नकलनवीस होते. सहा दिवस दुसऱ्यांनी लिहिलेलंच पुन्हा लिहायचं, तेही काना-मात्रा न बदलता. सातव्या दिवशी मात्र त्यांना आधी कुणी न लिहिलेलं काहीतरी हवं असायचं, आणि ते त्यांना बिघडलेल्या यंत्रांत सापडायचं.

इंदरगंजातल्या आमच्या ओट्यावर रविवारी असेच तीन-चार हौशी जमायचे. शाळेत चित्रकला शिकवणारे रमाकांत मास्तर आपली मोटारसायकल ढकलत आणायचे आणि बहुतेकदा ढकलतच परत न्यायचे. ह्यांच्याकडे स्वतःची म्हणाल तर एक सायकल होती. मोटार चालवणं ह्यांना कधीच आलं नाही. पण ती का चालते आणि का थांबते, हे जाणून घेतल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. मी वाढून बसलेली असायची आणि हे घास हातात धरून भिंतीकडे बघत असायचे. अशा वेळी मला त्यांचा अस्सा राग यायचा की विचारू नका.

त्यांची एक वही होती. तिच्यात तीन रकाने, लक्षण, कारण आणि उपाय. नियम असा की कारण कळल्याशिवाय उपाय लिहायचा नाही. एकदा मास्तरांची मोटारसायकल नुसत्या थापटण्यानं सुरू झाली. मास्तर खूश होऊन निघाले तर ह्यांनी त्यांना जाऊ दिलं नाही. कशानं सुरू झाली हे समजायला हवं म्हणून पुढचे दोन रविवार ती चांगली गाडी पुन्हा बिघडवण्यात घालवले. मास्तर शाळेत पायी जात होते. पण त्या रकान्यात शेवटी कारण लिहिलं गेलं, आणि मास्तरांनीही ते कौतुकानं वाचलं. एकमेकांना शोभणारी माणसं होती सगळी.

ही गोष्ट सन छत्तीसच्या दसऱ्यानंतरची. फूलबागेच्या पलीकडे मानसिंगराव राहायचे. घराणं पिढ्यान् पिढ्या घोडदळातलं, पण घोडदळाचे दिवस सरले तसे त्यांच्या पागेतले घोडेही सरले आणि तिथे मोटार येऊन उभी राहिली. घोडे सांभाळणारा कान्होजी मोतद्दार तेवढा राहिला. पन्नाशी उलटल्यावर तो मोटार चालवायला शिकला. पागेला लागून एक खोली होती, तिच्यात तो चाळीस वर्षं राहत होता. बायको गेलेली, मूलबाळ नाही. शेवटचा म्हातारा घोडा मोती त्या श्रावणात गेला, तेव्हा कान्होजी दोन दिवस जेवला नव्हता असं म्हणतात.

दसरा झाला आणि मोटार रुसायला लागली. निघायची झोकात. मैल-दीड मैल गेली की आचके द्यायची आणि बंद पडायची. पंधरा मिनिटं उभी राहिली की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. दसऱ्यानंतर तिसऱ्याच दिवशी ती मुरारच्या रस्त्यावर बंद पडली आणि मानसिंगरावांना टांग्यातून घरी यावं लागलं. टांगेवाला वाटभर आपल्या घोड्याची तारीफ करत होता. त्या दिवसापासून मानसिंगरावांच्या मनात बसलं की हा सगळा कान्होजीचा कावा आहे. त्याला मोटार नकोच आहे, घोड्याला दम खाऊ द्यावा तशी तो ती मुद्दाम थांबवतो. त्यांनी बजावलं की भाऊबीजेला मला मुरारला बहिणीकडे जायचं आहे, तोवर गाडी सुधारली नाही तर झांशीहून ड्रायव्हर आणीन आणि पागेजवळची खोली त्याला देईन.

कान्होजी आमच्या ओट्याशी आला तो पागोटं हातात घेऊन. ह्यांना त्याची दया आली की मोटारीचं कुतूहल वाटलं हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल. पण डोळे चमकले होते ते कुतूहलानंच, मी ओळखते ना.

पहिल्या रविवारी हे आणि मास्तर पागेत गेले. पेट्रोलची नळी काढून फुंकली, कार्बुरेटर खोलून माझ्या फडक्यानं पुसला. टाकीचं झाकण उघडून आत काठी घातली, पेट्रोल किती ते पाहिलं आणि वहीत मांडलं. मग इंजिन चालू केलं. ते तासभर चाललं. बाहेर काढली तर मैलावर बंद, असं कान्होजीनं सोमवारी येऊन सांगितलं. दुसऱ्या रविवारी ठिणगीचं सगळं सामान तपासलं. पुन्हा टाकीत काठी, पुन्हा वही, पुन्हा इंजिन पागेत तासभर सुरळीत. आणि मंगळवारी मोटार फूलबागेसमोर उभी. मास्तरांनी हात टेकले आणि पागेत येणं सोडलं. मलाही वाटू लागलं की मानसिंगराव म्हणतात त्यात तथ्य असेल. तसं मी बोलून दाखवलं तर हे म्हणाले, "माणूस खोटं बोलेल, लक्षण खोटं बोलत नाही. पागेत ती का बंद पडत नाही, एवढंच सांग."

मी काय सांगणार, कपाळ. पण तिसऱ्या रविवारी मीच पागेत गेले. दिवाळी दोन दिवसांवर, चकल्या-करंज्या तळायच्या, आणि फडकं गायब. ते घ्यायला गेले तर ह्यांनी मला मागच्या गादीवर बसवलं. गाडी माणसं घेऊन जाते तेव्हा बिघडते, म्हणून माणूस हवा होता. मी जन्मात मोटारीत बसले नव्हते. राग धरून बसले, पण वारा लागला तसा तो कुठे गेला कळलं नाही.

मुरारच्या रस्त्यावर ठरल्याप्रमाणे ती आचके देऊन थांबली. कान्होजीचा चेहरा उतरला. ह्यांनी घड्याळ काढलं आणि कुणाला कशाला हात लावू दिला नाही. बारा मिनिटांनी ती चालू झाली. थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबली. आता सवयीनं ह्यांनी काठी घेतली आणि टाकीचं झाकण उघडलं. त्या गाडीची टाकी पुढच्या काचेच्या खालीच होती आणि झाकण मध्यभागी. उघडताना सुस्स असा आवाज आला, मीही ऐकला. कान्होजीनं इंजिन फिरवलं आणि ते लगेच सुरू झालं.

हे झाकण हातात धरून उभे राहिले. पागेत दोन्ही रविवारी झाकण उघडंच पडलेलं होतं, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. पेट्रोल मांडायचं म्हणून काठी टाकीतच ठेवायची त्यांची सवय. मी म्हटलं, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? थोडं येतं आणि थांबतं. दुसरं भोक पाडावं लागतं, वारा आत जायला." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की लग्नानंतर तसं कधी पाहिलं नव्हतं. मग झाकण पालथं केलं, सुलटं केलं. वरच्या बाजूला मध्यभागी पिवळं-तांबडं पुट चढलेलं होतं. माझ्या अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी ते खरवडलं. देवाला गंध मी रोज उगाळते, मला वासावरूनच कळलं. गंध, त्यावर कुंकू, पुन्हा गंध, असे पंधरा-वीस दिवसांचे थर. खाली टाचणीएवढं भोक होतं.

कान्होजी सगळं बघत होता. तो खाली बसला आणि हळूच म्हणाला, "मोतीच्या कपाळाला रोज सबेरे गंध लावायचो, मगच दाणा. तो गेला. दसऱ्याला सरकारांनी हिची पूजा करवली, तेव्हापासून हिला लावतो. अंगठा दाबून लावावा लागतो पंत, नाहीतर टिकत नाही. हिचं कपाळ हेच समजलो मी."

मला रडू आलं. हे मात्र भोकातून फुंकर मारून बघत होते, वारा जातो की नाही.

परत पागेत आलो. आता वही उघडतील आणि सगळं खुलासेवार मांडतील, ह्याची मला खात्री होती. तीन रविवारांची मेहनत, असलं कारण आयुष्यात पुन्हा मिळायचं नाही. मानसिंगराव बाहेर आले. ह्यांनी सांगितलं की टाकीत वारा जायची वाट अडली होती, ती मोकळी केली, आता गाडी थांबणार नाही. मानसिंगरावांनी एक फेरी मारून खात्री करून घेतली. मग विचारलं, वाट अडली कशानं?

कान्होजी दाराशी उभा होता, मान खाली घालून. आपल्याच मोतद्दारानं टिळे लावून गाडी बंद पाडली आणि आपण टांग्यात बसलो, हे कळलं असतं तर मानसिंगरावांनी ते हसण्यावारी नेलं नसतं.

"ते काही कळलं नाही," हे म्हणाले.

मानसिंगराव मोठ्यानं हसले. लघाटे पंतांना कारण कळलं नाही, ही गोष्ट त्यांनी शहरभर केली. मास्तर तर वर्षभर ओट्यावर तीच काढायचे आणि हे खाली मान घालून नट कसत राहायचे. मी रात्रंदिवस धुमसत होते. एकदा म्हटलंही की मास्तरांना तरी सांगा. ते म्हणाले की मास्तरांच्या पोटात काही राहत नाही. वहीत त्या दिवसाचं लक्षण आहे, उपाय आहे. मधला रकाना कोरा आहे. सबंध वहीत तेवढा एकच.

भाऊबीजेला मोटार मुरारला जाऊन आली. पुढच्या रविवारी मी पुन्हा फडक्यासाठी पागेत गेले तर कान्होजी गंधाची वाटी घेऊन मोटारीपुढे उभा होता. टिळा कुठे लावावा ते त्याला ह्यांनी दाखवून दिलं, दोन दिव्यांच्या मध्ये, जिथे कुठलंच भोक नाही. त्यानं तिथे लावला, अंगठा दाबून. अंगठ्यावर थोडं गंध उरलं होतं. तो जरासा घुटमळला, मग ह्यांच्या समोर आला. माझ्या हातचं गंधसुद्धा दफ्तराला उशीर होतो म्हणून चुकवणारा हा माणूस पाना खाली ठेवून उभा राहिला आणि त्यानं मान वाकवली.

घरी येऊन ह्यांनी हातपाय धुतले, पण कपाळ पुसलं नाही. जेवायला तसेच बसले. त्या दिवशी घास हातात धरून भिंतीकडे बघत मीच बसले होते.