शांततेचं बक्षीस

आमच्या गल्लीतल्या विणकर काकांनी आयुष्यात जेवढी शांतता निर्माण केली, तेवढी जगातल्या सगळ्या तहांनी मिळून केली नसेल, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगायला तयार आहे. नागपुरात सभा कोणाचीही असो, लाल झेंड्याची, पांढऱ्या टोपीची, की नळाला पाणी नाही म्हणून चिडलेल्या बायांची, गर्दी हाताबाहेर गेली की कोणीतरी म्हणायचं, "शांततावाल्यांना बोलवा." मग काका उठायचे, धोतराचा सोगा खोचायचे, गवयासारखा तळहात कानावर ठेवायचे आणि "शांऽऽऽतता!" असे ओरडायचे की रस्त्यावरचे टांग्याचे घोडेसुद्धा थबकायचे. जन्मभर मागाच्या खटखटाटात ओरडून बोलून त्यांचा गळा तसा झाला होता. मोबदला एक कप चहा. पक्ष नाही. लाउडस्पीकरवर मात्र राग. "डब्ब्यातला आवाज शिळा लागते गा," म्हणायचे. एका लग्नात वऱ्हाडी फार कलकलाट करू लागले, तेव्हा काकांनी सवयीनं आवाज दिला. वऱ्हाडी गप्प झाले, वाजंत्री गप्प झाले आणि मंगलाष्टकं म्हणणारे भटजीही गप्प झाले. "तुमी चालू ठेवा महाराज," असं काकांनी सांगेपर्यंत त्यांना पुढचं कडवं आठवेना. वराचा बाप त्यानंतर काकांशी बोलला नाही. काकू म्हणायच्या, "साऱ्या शहराले चूप करते हा माणूस, न घरात याचं मांजर ऐकत नाही!"

अशातच आमच्या प्रांताच्या एका बड्या मंत्र्याला परदेशातलं शांततेचं पारितोषिक जाहीर झालं. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा दोन देशांत त्यांनी समेट घडवला होता म्हणे. शहराची सरळ दोन शकलं झाली. धरमपेठेतल्या बंगल्यांत पेढे वाटले गेले. इतवारीतल्या आमच्या विणकरांच्या वस्तीत मात्र सूत मिळत नाही म्हणून माग बंद होते, आणि सूत मागायला निघालेल्या मोर्चावर याच मंत्र्यांच्या पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. मी पत्रक काढलं: "पदक परदेशात, लाठी इतवारीत!" न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली माणसं भांडून उठून जाऊ लागली. काकांची हरकत वेगळीच होती. पत्रक वाचून दाखवलं तर म्हणाले, "शांततेचं बक्षीस? त्यायले? मायच्यान, एकदा तरी ओरडले काय ते?"

आम्ही पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा चळवळीतला जोडीदार, त्याच मोर्चातून उचलला गेला होता. खटला नाही, आरोप नाही, नुसता तुरुंग. भेटीला गेलं की फाटकावरचा शिपाई काकांना सांगायचा, "आज नाही." एवढ्या गळ्याचा माणूस, तिथे मान खाली घालून परत यायचा.

मंत्र्यांचा जाहीर सत्कार ठरला तेव्हा स्वागत समितीचे वकीलसाहेब स्वतः आमच्या गल्लीत आले. काकांना म्हणाले, सभा शांततेत पार पाडा, तुमच्या मुलाचं साहेबांच्या कानावर घालतो. त्याच दिवशी काका माझ्याकडे आले.

"सभेत काळे झेंडे आणून राहिले न तुमी?"

"आणणारच."

"आणू नका गा. ओरडू नका. माह्या पोट्ट्यासाठी."

"काका, तुमच्या पोरासाठीच तर ओरडणार आहोत!"

"तुमी ओरडान न तो आत राहीन," ते म्हणाले, आणि निघून गेले. मी झेंडे इस्त्री करत बसलो. भीक मागून सुटका घ्यायची नसते, असं माझं मत होतं. आजही आहे.

मैदान फुललं होतं. मखमलीच्या तबकात पदक फिरवलं गेलं. साहेब बोलायला उभे राहिले आणि आम्ही झेंडे काढले. घोषणा, शिव्या, मोडत्या खुर्च्या. पोलिसांनी लाठ्या सरसावल्या. वकीलसाहेबांनी घाईघाईनं काकांना पुढे ढकललं. काकांनी तळहात कानावर ठेवला.

"शांऽऽऽतता!"

तसा आवाज मी त्यांच्याही तोंडून कधी ऐकला नव्हता. अख्खं मैदान चिडीचूप झालं. मीही, उघड्या तोंडानं, लहानपणापासूनची सवय. वकीलसाहेबांनी खूण केली, बसा. काका बसले नाहीत. साहेबांकडे वळून हात जोडून म्हणाले, "साहेब, माह्यं काम झालं. शांतता झाली. आता तुमचं काम करा. पोट्टा सोडा माहा."

साहेबांनी टोपी नीट केली. वकिलाकडे पाहिलं. "प्रकरण पाहू," म्हणाले. मग दोन शिपायांनी काकांना दंडाला धरून, लोकांसमोर म्हणून अगदी अदबीनं, खाली उतरवलं. साहेब जागतिक शांततेवर बोलत राहिले, आणि कोणी हूं की चूं केलं नाही. आम्हीही नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, सभा शांततेत पार पडली. काका वकिलांच्या बंगल्यावर गेले, तर उत्तर मिळालं, "तुम्हीच घाण केलीत."

मुलगा सुटला तो पुढच्या हिवाळ्यात, स्थानबद्धतेची मुदत संपली म्हणून. गुन्हा काय होता हे कोणी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आमच्या मोर्चात सगळ्यात पुढे घोषणा देणारा तो, खोकत घरी आला आणि मागावर बसला. आत काय झालं हे त्यानं मला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. धोटा इकडून तिकडे फेकतो, जेवतो, झोपतो. बोलत नाही.

काका आता कुठल्याच सभेला जात नाहीत. बोलावणं आलं तर नुसती मान हलवतात. परवा मी त्यांच्या घरावरून जात होतो. मुलगा विणत होता. काका मागाच्या कडेला उकिडवे बसले होते, आणि ज्या आवाजानं सारं नागपूर गप्प व्हायचं तो आवाज मागाच्या खटखटाटात मला जेमतेम ऐकू आला:

"बोल न गा बाबू. ओरड तरी. मी नाही म्हणत तुले चूप राहा म्हणून."